नित्य शास्त्रवाचन आणि कापसाचा चुकारा

बायबलात 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय आहेत. वर्षभरात ते एकदा पुरे करायचे तर रोज सव्वातीन अध्याय वाचावे लागतात. डिसेंबर सरत आला की मंडळीत कुणीतरी हा हिशेब मांडतो आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला घरोघरी उत्पत्तीचे पान उघडते. वाचन किती झाले हे अशा हिशेबाने मोजता येते. वाचलेले अंगी किती लागले हे मात्र मोजता येत नाही, आणि या विवेचनाचा विषय तोच आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. महाराष्ट्राला पारायण ठाऊक आहे, तिथे ग्रंथ ठरल्या दिवसांत पुरा करणे हे व्रत असते. हरिपाठ ठाऊक आहे, तिथे तेच अभंग रोज ओठांवर येतात. ख्रिस्ती नित्यवाचनात वेळ तीच राहते, पण मजकूर रोज नवा येतो, आणि अध्याय मिटताना वाचणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारायचा असतो: आज मी यातले काय करायचे? या प्रश्नाच्या उत्तराला मी ‘आचरण’ म्हणतो. वाचन, मनन आणि आचरण या तिन्हींत आपली गाडी बहुतेक वेळा मननापाशीच थांबते, कारण मननाला पदरचे काही द्यावे लागत नाही.

यवतमाळकरांना हा विषय नवा वाटू नये. 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी इथेच सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेली. तीस वर्षे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतले विद्यार्थी शास्त्र शिकायला या कापसाच्या गावी येत होते. वर्गात त्यांच्यापुढे हिब्रू आणि ग्रीक होते, आणि वर्गाबाहेर जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्या. शास्त्राचा अर्थ लावायला या दोन्ही गोष्टी लागतात, असे मला मनापासून वाटते.

आता मूळ मुद्दा. नित्यवाचनाचे खरे बळ त्याच्या क्रमात आहे. क्रमाने वाचणाऱ्याला आजचा उतारा निवडता येत नाही, जो पुढे येईल तो वाचावा लागतो. याउलट कितीतरी घरांत वचन निवडून घेतले जाते. कॅलेंडरवर छापलेले, फ्रेम करून भिंतीवर लावलेले, डबीतल्या चिठ्ठीवर निघालेले, असे धीराचे एखादे वाक्य. यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले भवितव्याच्या आशेचे वचन मी अशा किती भिंतींवर पाहिले आहे! ते बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात येते, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे सांगितले आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते दिवस दिसणार नव्हते. ते पत्र त्यांना घरे बांधायला, बागा लावायला आणि ज्या परक्या नगरात ठेवले आहे त्याचे हित पाहायला सांगते. आधीची वचने सोडून एकच फ्रेममध्ये घातले, की हातात फक्त धीर राहतो आणि काम निसटते.

क्रमाचे बळ सर्वांत स्पष्ट दिसते ते लेवीयात. जानेवारीत उत्साहाने सुरू केलेले कितीतरी वाचक याच पुस्तकात दमतात, होमबली आणि शुद्धाशुद्धतेच्या नियमांत त्यांचे पाय रुततात. सव्वातीन अध्यायांच्या चालीने लेवीयाचा 19वा अध्याय फेब्रुवारीच्या तीन तारखेच्या सुमारास येतो. त्या वेळी यवतमाळच्या शिवारात तूर घरी आलेली असते, हरभरा काढणीच्या वाटेवर असतो आणि कापसाच्या शेवटच्या वेचण्या उरकत असतात. अध्याय 37 वचनांचा आहे. त्यात सांगितले आहे की शेत कापताना कडेकोपरे कापून नेऊ नका आणि खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि उपऱ्याचा आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. तराजू आणि वजने खरी ठेवा. आणि या सगळ्यांच्या मध्ये, 18व्या वचनात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची ती आज्ञा आहे, जी येशूने पुढे सर्वांत मोठ्या दोन आज्ञांमध्ये बसवली.

ही आज्ञा पाठ नाही असा ख्रिस्ती माणूस सापडणे कठीण. ती मजुरी आणि तराजू यांच्यामध्ये आली आहे हे मात्र क्रमाने वाचणाऱ्यालाच कळते.

आता आचरणाकडे वळू. कापसाच्या शेताचा कोपरा सोडून गरिबाचे पोट भरत नाही, कापूस खाता येत नाही. मग आज्ञा आपल्याला लागू नाही का? इथे दोन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी विचारायचे, त्या काळी या आज्ञेने नेमके काय साधत होते? धान्य मालकाच्या हातून भीक म्हणून मिळत नसे. गरीब माणूस शेतात जाऊन आपल्या हाताने ते गोळा करी आणि तो त्याचा हक्क होता. म्हणजे पोट भरत होते आणि मानही राहत होता. मग विचारायचे, हे दोन्ही आज माझ्या शेतात कशाने साधेल? शेंगा काढल्यावर सरवा वेचायला आलेल्या बायकांना न हाकलणे, पऱ्हाटी उपटल्यावर त्यातले सरपण मजुराला नेऊ देणे, ही उत्तरे आपल्या लोकांना शिकवावी लागत नाहीत. अवघड उत्तर काट्यापाशी आहे.

कापूस वेचणाऱ्या बाईचे काम जवळून पाहावे. कमरेला ओटी बांधून ती सकाळपासून वाकलेली असते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडतात. संध्याकाळी तिचे गाठोडे काट्याला लागते आणि किलोवर मजुरी ठरते. त्या क्षणी काट्याकडे दोघेच पाहत असतात आणि आकडा वाचायचा अधिकार एकालाच, मालकाला, असतो. काटा मारणे हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. पुढे चुकारा बाजाराच्या दिवशी देतो म्हणायचे, आणि बाजाराच्या दिवशी पुढच्या बाजाराचे सांगायचे. लेवीय 19 या मालकाशी थेट बोलते. तो सकाळी वचन वाचून शेतावर आला असेल, तर त्याचे त्या दिवसाचे आचरण गुडघे टेकण्यात नाही, काट्याचा आकडा तिला दिसेल असा ठेवण्यात आणि पैसे त्याच संध्याकाळी देण्यात आहे.

यातून एक नियम निघतो आणि मी तो ठामपणे मांडतो: उतारा लागू करताना आधी पाहावे, की या गोष्टीत ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या जागी मी कुठे उभा आहे. रूथचे पुस्तक वाचताना आपण सगळे सरवा वेचणारी रूथ होतो, शेताचा मालक बवाज कुणी होत नाही. बवाज नुसता नियम पाळून थांबला नव्हता. पेंढ्यांतली कणसे मुद्दाम खाली टाका आणि तिला धमकावू नका, असे त्याने गड्यांना सांगितले होते.

कुणी म्हणेल, हे जुन्या करारातले नियमशास्त्र, ख्रिस्ती माणूस त्यातून मोकळा झाला. आक्षेप जुना आहे. बलिदानांच्या विधींबाबत तो खराही आहे. पण शेजाऱ्याच्या प्रीतीची आज्ञा येशूने याच अध्यायातून घेतली, मग तिच्या शेजारचा तराजू मागे कसा टाकायचा?

मात्र सगळेच आचरण आज्ञेच्या रूपात येत नाही. कर्जापायी माणूस गेलेल्या घरात आपल्या जिल्ह्यात पुष्कळांना जावे लागले आहे. तिथे आशेचे वचन ऐकवण्याची घाई होते, आणि ती क्रूर असते. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते, तोवर ते बरोबर वागले. तोंड उघडल्यावर चुकले. 88वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटीही त्यात उजेड येत नाही. क्रमाने वाचणाऱ्याला हे स्तोत्र टाळता येत नाही, आणि म्हणून अशा घरात गप्प बसावे कसे हे तो शिकतो.

वाचनाने माणूस बदलल्याचे उदाहरण मराठीला परके नाही. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत गेले, डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंनी शेवटची वर्षे केडगावात बायबलाच्या भाषांतरात घातली, कारण कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे असे त्यांना वाटे. त्यांना जे वाचक हवे होते ते वेचणीला जाणाऱ्या बायकांसारखेच होते. म्हणून घरातले वाचन मोठ्याने व्हावे, सोप्या भाषेत व्हावे आणि कामाला आलेल्या माणसालाही ऐकू जावे.

तीच चाल पुढे चालू ठेवली तर अनुवादाचा 24वा अध्याय फेब्रुवारीच्या अखेरीस येतो, आणि मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या हे तो पुन्हा सांगतो. मार्चच्या मध्यावर रूथ येते. मग वर्ष सरते आणि 20 डिसेंबरच्या आसपास याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय लागतो, ज्यात शेते कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत असते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. यवतमाळात त्या दिवसांत कापसाची वेचणी ऐन भरात असते. घरात दिवा लावून कुणीतरी तो अध्याय मोठ्याने वाचत असतो, आणि ओसरीच्या पायरीवर गाठोडे उतरवून एक बाई चुकाऱ्याची वाट पाहत बसलेली असते.