ध्वनीकडून अक्षराकडे

सरकारी कचेरीतून एखादे जुने यंत्र मोडीत काढावयाचे झाले म्हणजे प्रथम त्याची यादी करावी लागते. यंत्राचे नाव, खरेदीचा दिवस, त्या वेळची किंमत, आजची किंमत आणि शेवटी शेरा, असे तिचे रकाने ठरलेले असतात. अशा याद्या मी नोकरीच्या काळात पुष्कळ पाहिल्या आणि काहींवर स्वाक्षरीही केली. परंतु ते यंत्र चालविणाऱ्या माणसाच्या हाताला कोणती विद्या अवगत होती, आणि यंत्र गेल्यावर त्या विद्येचे पुढे काय झाले, यासाठी त्या यादीत रकाना नसतो. ही उणीव माझ्या ध्यानात आली ती तांबरम येथे, एका शेजाऱ्याशी बोलताना.

चेन्नईच्या दक्षिणेस, बीच स्थानकापासून सुमारे ३० किलोमीटरांवर तांबरम आहे. १९३१ साली मद्रास बीच ते तांबरम या मीटरगेज मार्गावर विजेची गाडी धावू लागली आणि शहराला हे गाव जवळचे झाले. १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज जॉर्ज टाउनची दाटी सोडून येथील रानात वसतीला आले. हवाई दलाचे ठाणे येथे आहेच. १९८४ साली निर्यात प्रक्रिया क्षेत्र निघाले आणि कारखान्यांबरोबर संगणकाच्या कंपन्याही आल्या. ती मीटरगेज गाडी २००४ साली बंद झाली. २०२१ साली गावाची महानगरपालिका झाली. अशा रीतीने बाहेरून आलेल्या माणसांनी आणि संस्थांनी हे गाव घडविले आहे.

माझे शेजारी त्यांपैकीच एक. वडील हवाई दलात होते. निवृत्तीनंतर साताऱ्याकडच्या घरी न परतता येथेच राहिले. शेजाऱ्यांची मराठी घरापुरती, पण नितळ आहे. तरुणपणी ते नभोवाणीसाठी रॉक संगीताचे कार्यक्रम तयार करीत. पुढची वीसेक वर्षे त्यांनी संकेतस्थळांची रचना करण्यात घालविली. गाण्याच्या गजरात वावरणारा माणूस पडद्यावरच्या मुक्या अक्षरांकडे कसा वळला, असे मी त्यांना विचारले. ते हसून म्हणाले, “अहो, मी कुठे वळलो? रस्ताच वळला!” या उत्तराचा मागोवा घेऊ लागलो, तेव्हा मद्रासच्या नभोवाणीचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास माझ्यासमोर उभा राहिला.

त्या इतिहासाचा आरंभ १६ मे १९२४ रोजी होतो. त्या दिवशी सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला आणि ३१ जुलैपासून त्याचे ध्वनिक्षेपण सुरू झाले. क्षेपक होता अवघा ४० वॅटचा, म्हणजे घरातील एका साध्या दिव्याएवढ्या शक्तीचा. मंडळी हौशी होती. नभोवाणीचा पूर्वानुभव मिळविण्यास तेव्हा देशात फारशी जागा नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्या धंद्यातून आला होता आणि जे काही येत होते ते घेऊन या नव्या कामास लागला होता. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले, म्हणजे मद्रास त्याच्या तीन वर्षे पुढे होते.

परंतु हौसेला पैशाचे पाठबळ नव्हते. ऑक्टोबर १९२७ मध्ये क्लबचे काम थांबले. क्लबने आपला क्षेपक मद्रास नगरपालिकेच्या स्वाधीन केला आणि १ एप्रिल १९३० पासून नगरपालिकेने स्वतःचे ध्वनिक्षेपण चालू केले. एखाद्या शहराने रस्ते, पाणी आणि दिवाबत्ती यांच्या जोडीला संगीतही आपल्या कर्तव्यात धरावे, ही गोष्ट आजही नवलाची वाटते. सायंकाळी गाणे-बजावणे होई. दुपारी शाळकरी मुलांसाठी गोष्टी व संगीताचे पाठ असत. सुट्टीच्या सकाळी ध्वनिमुद्रिका लावीत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी युरोपीय संगीताचा स्वतंत्र कार्यक्रम असे. पाश्चात्त्य संगीताची आवड मद्रासच्या नभोवाणीत रॉकच्या जन्माआधीपासून रुजली होती, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि नगरपालिकेचा हा उद्योग संपला.

चौदा वर्षांत तीन धनी झाले. क्षेपक कोणाकडून कोणाकडे गेला ते इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. तो रोज सायंकाळी सुरू करणाऱ्या, गायकाला ध्वनिग्राहकापासून किती अंतरावर बसवावे हे अंदाजाने ठरविणाऱ्या माणसांची नावे मात्र त्या पुस्तकांत नाहीत.

पुढची पायरी जवळजवळ ४० वर्षांनंतरची. २३ जुलै १९७७ रोजी, म्हणजे मुंबई केंद्राच्या बरोबर सुवर्णमहोत्सवी दिवशी, देशातील पहिली एफ. एम. सेवा मद्रास येथे सुरू झाली. या पद्धतीत ध्वनी वाहून नेण्यासाठी तरंगाच्या उंचीऐवजी त्याच्या वारंवारतेत फरक करतात. त्यामुळे वीज कडाडली तरी खरखर फारशी उमटत नाही आणि झांजेपासून गिटारच्या जाड तारेपर्यंत सगळे स्वच्छ ऐकू येते. संगीतासाठी ही मोठीच सोय होती. तोपर्यंत दक्षिणेतील तरुण इंग्रजी गाण्यांसाठी रेडिओ सिलोनकडे कान लावून बसत. १९९३ पासून आकाशवाणीने एफ. एम. वरील काही तास खासगी निर्मात्यांना भाड्याने देण्यास आरंभ केला. दिल्ली व मुंबईपाठोपाठ कलकत्ता, मद्रास आणि पणजी येथेही ही व्यवस्था आली. माझे शेजारी या लाटेबरोबर नभोवाणीत शिरले.

त्यांचे काम काय होते ते थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढील सारा विषय त्यावर उभा आहे. रॉक गीताच्या आरंभी काही सेकंद नुसती वाद्ये वाजतात. निवेदकाने त्या वाद्यांवर बोलावयाचे आणि गायकाचा पहिला शब्द येण्यापूर्वी क्षणभर आधी थांबावयाचे, अशी रीत असे. वाद्ये १८ सेकंद वाजत असतील, तर बोलणे सतराव्या सेकंदास संपलेच पाहिजे. ध्वनिफीत पाव इंच रुंदीची. ती सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावे. चुकलेला शब्द काढावयाचा तर फीत पात्याने तिरपी कापून चिकटपट्टीने जोडावयाची. कापलेले तुकडे त्यांच्या गळ्यात हारासारखे लोंबत असत. त्यामुळे वेळ ही गोष्ट त्यांना घड्याळात दिसण्याऐवजी बोटांत मोजता येऊ लागली. “एक सेकंद म्हणजे माझ्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,” असे सांगून त्यांनी मला आपला ताणलेला पंजा दाखविला. सर्वांत मोठी भीती निःशब्दतेची. श्रोता समोर नसतो. दोन-तीन सेकंद काही ऐकू आले नाही, तर तो खुंटी फिरवितो आणि गेला तो गेलाच.

जून १९९८ मध्ये हे तास भाड्याने देण्याची व्यवस्था बंद झाली. खासगी मालकीची स्वतंत्र केंद्रे निघण्यास २००१ साल उजाडावे लागले. मधली तीन वर्षे या लहानशा धंद्यातील माणसांसाठी कोरडी होती. कोणी जाहिरातीकडे गेले, कोणी दूरचित्रवाणीकडे. माझ्या शेजाऱ्यांच्या पदरी तेव्हा लहान मूल होते आणि वय तिशी ओलांडलेले. याच सुमारास दुसरे एक दार किलकिले झाले होते. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेले विश्वजाल १९९१ साली सर्वांसाठी खुले झाले होते. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे ही आंतरजालाची सेवा सामान्य ग्राहकांस देण्यास सुरुवात केली होती. कंपन्यांना आपापली संकेतस्थळे हवी होती. ती रचणारे थोडे होते. तेव्हा माझे शेजारी तांबरमहून गाडीने शहरात जाऊन, आपल्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या मुलांच्या शेजारी बसून ही विद्या शिकले. मुले त्यांना ‘अंकल’ म्हणत. त्या शब्दाचे शल्य त्यांना बरेच दिवस होते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

त्या काळचे संकेतस्थळ म्हणजे मोठी अडचणीची जागा होती. सर्व पडद्यांवर सारखे दिसतील असे रंग केवळ २१६ धरले जात. मजकूर व चित्रे जागेवर बसविण्यासाठी कोष्टकाच्या अदृश्य चौकटी वापरीत. आणि दूरध्वनीच्या तारेतून सारे येणार ते थेंबाथेंबाने. पन्नास किलोबाइटांचे एक साधे चित्र सेकंदाला २८,८०० बिटांच्या वेगाने उतरावयास सुमारे १४ सेकंद लागत. शिकविणाऱ्यांच्या मते एवढा वेळ चालण्यासारखा होता. आमच्या शेजाऱ्यांच्या अंगावर मात्र काटा आला. १४ सेकंद म्हणजे १०५ इंच, जवळजवळ नऊ फूट कोरी फीत! नऊ फूट निःशब्दता कोणता श्रोता सहन करील?

त्यांनी पृष्ठाची मांडणी उलटी केली. प्रथम शब्द येतील, वाचणारा दोन ओळी वाचील, तोवर चित्र मागाहून येऊन आपल्या जागी बसेल. निवेदकाचे बोलणे आणि गायकाचा पहिला शब्द यांचे जे नाते, तेच त्यांनी मजकूर आणि चित्र यांत जुळविले. सहकाऱ्यांना ही युक्ती नवी वाटली. त्यांच्या दृष्टीने तो जुनाच धडा होता: न दिसणाऱ्या माणसाला क्षणभरही एकटे सोडावयाचे नाही.

येथे एक सावधगिरी हवी. एका माध्यमातील सर्व विद्या दुसऱ्यात उतरते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. शेजाऱ्यांचा कान, ज्याने वाजणाऱ्या ढोलांतून एक सैल कातडे ओळखावे, तो पुढील वीस वर्षे बेकार राहिला. ध्वनिक्षेपणाची ठरलेली वेळ, त्या एका क्षणी सारे शहर आपल्याबरोबर ऐकत आहे ही भावना, संकेतस्थळाला नाही. तेथे प्रत्येक जण आपल्या सवडीने येतो. त्यांना नवे शिकावे लागले ते मुख्यतः अक्षर. नभोवाणीत शब्दाला आकार नसतो. पडद्यावर तो असतो आणि भारतीय भाषांच्या बाबतीत तो आकारच मोठा प्रश्न होऊन बसला होता. एका संगणकावरील तमिळ वा मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे, कारण प्रत्येकाचा टंक निराळा आणि त्यातील संकेतही निराळे. फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईत भरलेल्या ‘तमिळनेट ९९’ परिषदेने तमिळ कळफलक व संकेत एकसारखे करण्याचा यत्न केला. पुढे युनिकोडने ही बाब जागतिक पातळीवर सोडविली.

आपल्या मराठीत याच वळणाचे एक थोर उदाहरण आहे. प्रा. र. कृ. जोशी हे हाताने सुलेखन करणारे कलावंत. जाहिरातीच्या धंद्यात त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, पवईच्या आय. आय. टी.त अध्यापन केले आणि नंतर संगणकासाठी भारतीय लिप्यांचे टंक घडविले. विंडोज प्रणालीतील ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा. आज ज्यांना जोशींचे नावही ठाऊक नाही अशा लक्षावधी लोकांची पत्रे व अर्ज त्या अक्षरांत उमटतात. बोरूने गिरविलेल्या वळणाची आठवण त्या टंकात शिल्लक आहे. माणूस एका साधनाकडून दुसऱ्याकडे गेला, पण हात तोच राहिला.

असे प्रत्येक वेळी होत नाही. याच तमिळ मुलखात तंजावर येथे भोसले राजांच्या दरबारचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात मोठ्या संख्येने जतन झाले आहेत. ते लिहिणाऱ्यांची लेखणी थांबली. कागद राहिले आणि मोडी सफाईने वाचणारे मात्र विरळ झाले. वस्तूची नोंद झाली, विद्येची झाली नाही, म्हणून आज एकेक कागद उलगडण्यास तज्ज्ञ शोधावा लागतो. ध्वनिफितींचे तेच होऊ पाहत आहे. फीत कपाटात असते. ती कोणत्या जागी का कापली, हे सांगणारा माणूस निवृत्त होऊन आपल्या घरी बसलेला असतो.

माझे शेजारी आता साठीच्या घरात आहेत. कामातूनही ते मोकळे झाले, कारण मधल्या काळात संकेतस्थळे रचण्याच्या पद्धतीही अनेकदा पालटल्या. आपल्याला दोनदा मोडीत काढले असे ते विनोदाने म्हणतात. त्या विनोदामागे थोडा विषाद आहे. एका रविवारी मी त्यांना समोर बसवून तासभर बोलते केले आणि ते सारे मुद्रित करून ठेवले. फीत कापण्याची रीत, अठरा सेकंदांचा हिशेब, नऊ फुटांची निःशब्दता, सारे त्यात आहे. शेवटी त्यांनी विचारले, “हे ऐकणार कोण?” मला उत्तर देता आले नाही. परंतु १९२४ साली ४० वॅटच्या क्षेपकापुढे बसलेल्या मंडळींनाही आपले कोण ऐकत आहे हे दिसत नव्हते आणि तरीही ते रोज सायंकाळी बोलत होते.

त्यानंतर जुन्या यंत्रांची यादी माझ्यासमोर स्वाक्षरीसाठी आली, तेव्हा मी शेऱ्याच्या रकान्यात ते चालविणाऱ्याचे नाव लिहावयास सांगितले आणि यंत्र हलविण्यापूर्वी त्या गृहस्थाशी तासभर बोलून घेण्याची विनंती केली. नियमात तसे कोठे म्हटलेले नाही. तसे करू नये, असेही म्हटलेले नाही.