ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा : डोळ्यातील लक्षणे

लहान मुलांच्या त्वचेवर पिवळट-तांबूस गाठी आणणारा निरुपद्रवी विकार. ग्रीक भाषेत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा. ॲडमसन यांनी १९०५ मध्ये त्याचे वर्णन केले. आजचे नाव हेलविग व हॅकनी यांनी १९५४ मध्ये दिले. गाठ बहुधा एकच असते आणि पहिल्या वर्षाच्या आतच डोक्यावर, मानेवर किंवा छातीवर उठते. त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपखाली मध्ये नारिंगी-पिवळा गोल व भोवती लाल कडा दिसते. त्वचारोगतज्ज्ञ त्याला मावळत्या सूर्याची उपमा देतात. काही वर्षांत गाठ आपोआप ओसरते, त्यामुळे कापण्याची घाई नको.

डोळ्याचे तसे नाही. तिथे थांबून पाहणे महागात पडते. डोळ्यात हा विकार क्वचित, त्वचेवर गाठी असलेल्या हजारात तीन-चार मुलांना, होतो. पण झाला तर बहुतेक दोन वर्षांच्या आतच. गाठी अनेक असतील तर धोका अधिक. तो मुख्यतः परितारिकेत, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात, वाढतो. तिथल्या नाजूक रक्तवाहिन्या मार न लागताही फुटतात. बाळ मांडीवर बसले असताना परितारिकेसमोर खालच्या बाजूला तांबडी रेघ साचलेली दिसते. आडवे केले की ती पसरते. कधी एका डोळ्याचा रंगच बदलतो. रक्त व पेशींनी डोळ्यातला द्रव बाहेर जाण्याची वाट अडली की दाब चढतो, काचबिंदू होतो, डोळा पाणावतो, उजेड सोसत नाही. तान्हे मूल दुखते म्हणून सांगू शकत नाही, हीच खरी अडचण. अशा वेळी बाळाला मारल्याचा संशय घरच्यांवर येतो. तो नेहमीच खरा नसतो.

डोळ्याचा विकार असलेल्या निम्म्याहून कमी मुलांच्या त्वचेवर गाठी आढळतात. त्या असल्या तर निदान सोपे होते : तुकडा त्वचेचा घेता येतो, रक्ताळणाऱ्या परितारिकेला हात लावावा लागत नाही. स्टेरॉइडचे थेंब हा पहिला उपचार. जोडीला दाब उतरवणारे औषध. वडोदऱ्यातील गोत्री येथील जीएमईआरएस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी त्वचा व नेत्र हे दोन्ही विभाग असतात. गाठ दाखवायला गेल्यावर दोन वर्षांखालील मुलाचे डोळेही तपासून घ्यावेत. मार न लागता बाळाच्या डोळ्यात रक्त दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.