इंडियन विमेन्स लीग २

इंडियन विमेन्स लीग २ ही भारतातील महिला फुटबॉलची द्वितीय श्रेणीची क्लब स्पर्धा आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ तिचे आयोजन करतो. २०२३-२४ च्या हंगामात ती सुरू झाली. त्यापूर्वी प्रथम श्रेणीची इंडियन विमेन्स लीग (स्थापना २०१६-१७) हीच महिलांची एकमेव राष्ट्रीय लीग होती.

बढती व घसरण

पहिल्या हंगामात कोलकात्याचा श्रीभूमी आणि ओडिशाचा निता फुटबॉल अकादमी या संघांना वरच्या श्रेणीत बढती मिळाली. २०२४-२५ मध्ये ती दिल्लीच्या गढवाल युनायटेड व गोव्याच्या सेसा फुटबॉल अकादमीला मिळाली. त्याच वर्षी आदल्या हंगामाचा विजेता ओडिशा एफसी प्रथम श्रेणीतून खाली घसरला. स्पर्धेच्या अल्प इतिहासातील ही सर्वांत लक्षणीय घटना म्हणता येईल.

दोन श्रेण्यांमधील अंतर केवळ खेळाच्या दर्जाचे नाही. प्रथम श्रेणीतील प्रत्येक क्लबने किमान १० भारतीय खेळाडूंशी वार्षिक ३ लाख २० हजार रुपयांपेक्षा कमी नसलेला करार करावा, असे महासंघाने २०२३ मध्ये ठरवले. ही अट वरच्या श्रेणीपुरती होती. त्यामुळे बढती किंवा घसरणीबरोबर खेळाडूच्या उपजीविकेचाही प्रश्न निगडित असतो. खेळाडूंच्या सुरक्षिततेचा प्रश्नही याच श्रेणीत पुढे आला. मार्च २०२४ मध्ये गोव्यातील सामन्यांदरम्यान हिमाचल प्रदेशातील एका संघाच्या दोन खेळाडूंनी पदाधिकाऱ्याविरुद्ध मारहाणीची तक्रार केली आणि महासंघाने त्यास निलंबित केले.

महाराष्ट्र

महाराष्ट्राचे क्लब राष्ट्रीय लीगमध्ये आले, पण टिकले नाहीत. २०१७ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या अंतिम फेरीत एफसी पुणे सिटी होता. हा क्लब पुढे बंद पडला. कोल्हापूर सिटीने २०१८-१९ व २०१९-२०, पिफा स्पोर्ट्सने २०२१-२२, तर मुंबई नाइट्सने २०२२-२३ च्या हंगामात भाग घेतला. श्रेणी-विभागणीनंतर २०२३-२४ मध्ये वरच्या श्रेणीतील सात संघांत राज्याचा एकही संघ नव्हता. विशेष म्हणजे २०२२ चा महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई व पुणे येथेच खेळवला गेला होता. संघात कोविडची लागण झाल्याने भारताला त्यातून बाहेर पडावे लागले.

क्रिकेटप्रमाणे विदर्भाची स्वतंत्र राज्य संघटना फुटबॉलमध्ये नाही. त्यामुळे नागपूरच्या क्लबला, किंवा यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या ठिकाणी उद्या उभ्या राहणाऱ्या संघाला, राष्ट्रीय स्तरावर जाण्यासाठी मुंबईस्थित वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्याच मार्गाने जावे लागते.