शिट्टीचा इतिहास

दिवाळीत चकलीचा खमंग वास ज्या स्वयंपाकघरातून येतो, तेथेच इंधनाच्या बचतीचाही एक इतिहास घडत आला आहे, असे मला नेहमी वाटते.

त्याचा आरंभ लंडनमध्ये सापडतो. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली घट्ट झाकणाचे भांडे केले. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांहून अधिक तापते, हे त्याचे मर्म. भांडे फुटू नये म्हणून त्याने झडपही बसविली. १६८२ साली रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने त्यातलेच भोजन वाढले. हाडेसुद्धा मऊ झाली होती, आणि कोळसा लागला तो अगदी थोडा!

आपल्या देशात १९१० च्या सुमारास कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. तळाशी निखारे, वर डब्यांची उतरंड. एकाच विस्तवावर वरण, भात, भाजी. पुढे १९५९ साली मुंबईत हॉकिन्स कंपनी निघाली आणि शिट्टी घरोघर ऐकू येऊ लागली.

परंतु यंत्र आले म्हणजे काटकसर आली, असे मी मानीत नाही. दाब पुरा झाला की आतले उष्णतामान जवळजवळ स्थिर राहते. मग आच मोठी ठेवल्याने अन्न लवकर शिजत नाही. जादा वाफ तेवढी शिट्टीवाटे निघून जाते. म्हणून डाळ आधी भिजत घालावी, पहिली शिट्टी होताच आच मंद करावी, आणि शेवटी कुकर आपोआप निवू द्यावा. पापँने वाफ कोंडली ती कामासाठी. आपण ती उधळावी कशाला?