सापाला ऐकू येतं का, आबा?

परवा टेक्सासहून नातीचा फोन आला. व्हिडिओवरचा. तिच्या मनगटाला तपकिरी-काळं काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला आधी वाटलं, हल्लीची काही फॅशन असेल. मग ते हललं, आणि माझ्या शेजारी बसलेली आमची सौ. "अगं बाई!" म्हणून जी उठली ती थेट स्वयंपाकघरात.

तर मंडळी, आमच्या चिरंजीवांनी लेकीला अकराव्या वाढदिवसाला साप घेऊन दिला आहे. विकत! बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला लहानसा अजगर. बिनविषारी. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. काचेच्या पेटीत त्याचा संसार आहे आणि फ्रीजरमध्ये त्याच्यासाठी गोठवलेले उंदीर आहेत. (ही शेवटची माहिती मी सौ.ला अजून दिलेली नाही.)

नातीने एका दमात तीन प्रश्न विचारले. त्याला माझं बोलणं ऐकू येतं का? तो मला ओळखतो का? आणि तीन आठवडे झाले, तो काही खात नाही, मग जगतो कशावर? "आबा, तुम्ही टीचर होतात ना?"

होतो. पण मराठीचा. म्हटलं, उद्या सांगतो. आणि सवयीने कपाटातून अमरकोश काढला.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा हा कोश. त्याच्या पहिल्या कांडात पातालभोगिवर्ग आहे, तिथे सापाची नावं एकापुढे एक येतात. कॉलेजात मी ती पाठ केली होती, पण ती कधी अशी वाचली नव्हती. या वेळी लक्षात आलं की यातली दोन-तीन नावं म्हणजे नातीच्याच प्रश्नांची जुनी उत्तरं आहेत. पवनाशन : वारा खाऊन जगणारा. गूढपाद : ज्याचे पाय लपलेले आहेत असा. आणि चक्षुःश्रवा : डोळ्यांनी ऐकणारा.

पवनाशन हे नाव कुणाला का सुचलं असेल ते सहज कळतं. साप आठवडेच्या आठवडे खाताना दिसत नाही, आणि जीभ मात्र सारखी आतबाहेर करतो. वारा चाटल्यासारखी. जिभेचं खरं काम कळायला फार काळ जावा लागला. याकोबसन नावाच्या डॅनिश डॉक्टराने १८१३ च्या सुमारास प्राण्यांच्या नाकाजवळच्या एका निराळ्या इंद्रियाचं वर्णन केलं. सापात ते टाळूत असतं. जीभ हवेतले वासाचे कण टिपते आणि ते तिथे पोचतात. म्हणजे साप वारा खात नाही, वाऱ्याचा वास घेतो. आणि उपाशी राहू शकतो कारण आपल्यासारखं अंग गरम ठेवायला त्याला अन्न जाळावं लागत नाही. बॉल पायथन तर महिनोन् महिने तोंड फिरवून बसतो म्हणे. पोरीला सांगितलं, वजन उतरत नाही ना एवढं बघ, बाकी घाबरू नकोस.

गूढपादची गंमत तिला सगळ्यात आवडली. अजगराच्या शेपटीच्या सुरुवातीला, पोटाखाली दोन्ही बाजूंना, एकेक लहानशी नखी असते. ते त्याच्या पूर्वजांच्या मागच्या पायांचे अवशेष. तिने तिथल्या तिथे साप उलटा करून पाहिलं, आणि होत्या!

ओळखण्याचं म्हणाल तर तो तिच्या वासाला सरावेल, एवढंच. हाताला उंदराचा वास असताना हात पुढे करू नये. दुसरं म्हणजे या अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला अंधारात उष्णता कळते. नात त्याच्या दृष्टीने एक ऊबदार, ओळखीच्या वासाची वस्तू आहे. तिला हे उत्तर फारसं रुचलं नाही.

राहिला ऐकण्याचा प्रश्न. इथे मी अडखळलो. त्याला कारण आहे.

१९७८ साली मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात शिकवत होतो. त्या वर्षी विज्ञानाला शिक्षक नव्हते, म्हणून आठवीचं विज्ञान माझ्याकडे आलं. त्या भागातली काळी जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल, उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात. त्या भेगांत उंदीर, आणि उंदरांमागे साप. तेव्हा सापांचा धडा पोरांना शिकवावा लागत नसे, त्यांना फक्त खोटं काय ते सांगायचं असे. माझ्यात तेव्हा अंधश्रद्धा घालवण्याचा भारी उत्साह होता. माझ्या लहानपणी अकोल्याला नागपंचमीला गारुडी दारात यायचा, आई वाटीत दूध द्यायची, आणि नाग ते पिताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तो नाग कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असे, दात काढलेला असे, आणि दूध त्याला पचत नाही, हे मला मोठेपणी कळलं. साप मांसाहारी आहे, दूध हे त्याचं अन्नच नव्हे. ते कळल्यावर आलेला राग मी वर्गात काढत असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप पकडून टोपलीत ठेवायला बंदी आली, तरी गारुडी पुढे बरीच वर्षं फिरत होतेच.

तर मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : साप बहिरा असतो. पुंगी ऐकून नाग डोलत नाही, पुंगी हलते म्हणून डोलतो.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. बापाबरोबर वावरात जागलीला जाणारा. म्हणाला, "सर, सापाले आयकू येते. माह्या बाबानं हाक देली का नाग जाग्यावरच थांबते. म्या पाह्यलं हाय."

मी म्हटलं, "तू काय सापाच्या कानात शिरून पाहिलंस का रे?"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. तो खाली बसला. दहावीपर्यंत तो माझ्या तासाला पुन्हा प्रश्न विचारायला उठला नाही. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, आता मागे पाहताना दिसतं.

नातीला उत्तर द्यायचं म्हणून मी या प्रश्नाचा इतिहास शोधत बसलो. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. त्यावरून लोकांनी त्याला बहिरा ठरवलं. १९२३ मध्ये मॅनिंग नावाच्या अमेरिकन संशोधकाने रॅटलस्नेकवर प्रयोग केले, ते आवाजाला दाद देईनात. निकाल पक्का झाला. तो क्रमिक पुस्तकांत गेला, पुस्तकांतून माझ्या फळ्यावर.

पण आतला कान सापाला आहे. शिवाय एक बारीक हाड त्या कानापासून जबड्याच्या हाडापर्यंत जातं. जबडा जमिनीला टेकलेला असला की जमिनीचे हादरे थेट आत. एवढं तरी बरेच जण मानत. १९६० मध्ये प्रिन्स्टनच्या वीव्हर आणि व्हर्नन यांनी सापाच्या आतल्या कानातले विजेचे बारीक संदेश मोजले आणि हवेतून येणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजालाही तो कान जागा होतो हे दाखवलं. १९६०! मी फळ्यावर लिहिलं त्याच्या अठरा वर्षं आधी.

पुढे २०१२ मध्ये डेन्मार्कच्या आऱ्हूस विद्यापीठात नेमका नातीचाच अजगर, बॉल पायथन, तपासला गेला. आवाजाने त्याची कवटीच थरथरते आणि तो थरथराट कानाला कळतो, असं निघालं. (पुन्हा डेन्मार्क! एवढ्याशा देशाचं सापांशी काय सोयरसूतक आहे कोण जाणे. पुढे आणखी एक डॅनिश येणार आहे.) आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या क्रिस्टिना झ्डेनेक आणि सहकाऱ्यांनी आवाजबंद खोलीत १९ साप मोकळे सोडून त्यांना आवाज ऐकवले. एका आवाजाने जमीनही हादरत होती, बाकीचे नुसते हवेतले. साप हवेतल्या आवाजालाही बिचकले. वोमा जातीचे अजगर आवाजाच्या दिशेने गेले, टायपानसारखे विषारी साप दूर सरकले. माणसाच्या बोलण्याचा खालचा भाग या पट्टीत येतो. शब्द नव्हेत, पण भिंतीपलीकडून आल्यासारखी गुणगुण त्याला पोचत असावी.

वावरातल्या बापाची हाक तर चांगली खर्जातली असणार.

माझं पुंगीचं म्हणणं खरंच होतं. नाग पुंगीचं हलणं पाहतो. चक्षुःश्रवा म्हणणाऱ्यानेही तेच पाहिलं असेल. पण त्याच्यावरचं वाक्य, मोठ्या अक्षरातलं, चूक होतं.

तो दुसरा डॅनिश म्हणजे राइनहार्ट. त्याने १८६३ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या रंगपूरच्या एका सापाला नाव दिलं. हा फक्त पक्ष्यांची अंडी खातो. दात नावापुरते, पण मानेतल्या मणक्यांची टोकं अन्ननलिकेत आलेली असतात, अंडं गिळलं की तिथे तडकतं. हा साप पुढे शंभरावर वर्षं इतका क्वचित दिसला की सगळे नमुने हाताच्या बोटांवर मोजावेत. आणि २००५ मध्ये तो महाराष्ट्रात पहिल्यांदा नोंदला गेला, कुठे, तर आपल्या शेजारी वर्ध्याला. २००७ मध्ये नांदे आणि देशमुख यांनी मेळघाटासह अमरावती जिल्ह्यातल्या सापांची यादी छापली, तिच्यातही तो आहे. तो काही तेव्हा इथे राहायला आला नसेल. वावरात जागलीला जाणाऱ्या कुणीतरी तो आधी पाहिलाच असेल, आणि कुठल्यातरी गुरुजींनी त्याला खाली बसवलं असेल.

एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा म्हणतो खरा, पण तोही आता साठीचा. त्याच गावात शेती करतो. दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला, तिसऱ्या दिवशी लावला. आधी तब्येती झाल्या, मग कापसाचे भाव झाले. मग मी त्याला ऑस्ट्रेलियातला प्रयोग सांगितला, आणि त्या दिवशी माझं चुकलं होतं असं म्हणालो. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

"आठवते ना सर," तो म्हणाला. "पन नाग नोयता तो. धामन होती. म्या धामनच म्हनलो होतो. नाग तुमी म्हनलं."