कच्च्या विटांचे घर

चिकणमाती, रेती, पाणी आणि काड यांचा मळलेला चिखल लाकडी साच्यात हाताने भरून, साचा लगेच उचलून घेऊन उन्हात वाळवलेली वीट म्हणजे कच्ची वीट. अशा विटा मातीच्याच गाऱ्यात रचून हे घर उभे राहते. चिखलाचे थर एकावर एक चढवून केलेली भिंत, काठ्यांच्या कुडाला लिंपून केलेली भिंत आणि फळ्यांच्या दरम्यान माती चोपून केलेली भिंत हे मातीकामाचे वेगळे प्रकार आहेत. कच्च्या विटेचा विशेष असा की माती आधी वाळते आणि मग भिंतीत जाते. आकसायचे ती साच्याबाहेरच आकसून घेते, म्हणून नंतर भिंत फार तडकत नाही. इंग्रजीत रूढ असलेला ‘अडोबी’ हा शब्द स्पॅनिशमधून आला. स्पॅनिशने तो अरबी ‘अत्-तूब’वरून घेतला आणि अरबीतल्या शब्दाचे मूळ प्राचीन इजिप्तच्या भाषेत सापडते.

मराठीतील ‘कच्ची’ हे विशेषण मात्र या विटेवर थोडा अन्याय करते. त्यातून असे वाटते, की ही भट्टीपर्यंत न पोचलेली, अर्धवट राहिलेली वीट आहे. भाजल्याने चिकणमातीच्या कणांची रचना कायमची बदलते आणि ती पुन्हा चिखल होत नाही. न भाजलेली वीट पाण्यात टाकली की विरघळून पुन्हा माती होते. तिचे सगळे दोष यातून येतात आणि मोठा गुणही यातूनच येतो: ती मोडून, भिजवून, पुन्हा साच्यात घालता येते. या घराचा जवळजवळ प्रत्येक भाग, जोत्यापासून वळचणीपर्यंत, पाणी दूर ठेवण्यासाठी योजलेला असतो.

माती : शेतातली सुपीक वरची माती विटेला चालत नाही, कारण तिच्यातला पालापाचोळा कुजतो. दोन-तीन फूट खालची माती घ्यावी लागते. चिकणमाती साधारण १५ ते ३० टक्के आणि उरलेला मोठा भाग रेतीचा असेल तर मिश्रण चांगले बसते. चिकणमाती जास्त झाली की वीट वाळताना फाटते, कमी पडली की कोपरे हातात येतात. दख्खनची काळी माती यासाठी वाईट. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगते आणि सुकल्यावर इतके आकसते की उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. गावरहाटीत शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पांढरीची माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची आहे: पडलेल्या भिंती, राख, शेण, चुना यांची. ती काळीसारखी फुगत नाही. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे घरांच्या भिंतींना, गढ्यांना आणि विशेषतः माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, ती मुद्दाम आणली जाई.

मातीची परीक्षा घरगुती आहे. बाटलीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून हलवून ठेवले, की रेती काही क्षणांत तळाला बसते, त्यावर गाळ आणि सर्वांत वर, कित्येक तासांनी, चिकणमाती. थरांची जाडी मोजली की प्रमाण कळते. पण शेवटचा निकाल नमुन्याच्या विटेचाच. चार-पाच विटा पाडून, वाळवून, कमरेच्या उंचीवरून टाकून पाहाव्यात. फुटली तर पुन्हा मिश्रण.

साचा आणि वाळवण : चिखल पायांनी तुडवतात, त्यात गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा तोडून घालतात आणि एक-दोन दिवस मुरू देतात. काडामुळे वीट मजबूत होते असे सरसकट म्हटले जाते; खरे काम त्याचे वाळवणीत आहे. ते आतला ओलावा बाहेर यायला वाट देते आणि आकसण्याचा ताण विटेभर वाटून देते. बायबलमधल्या ‘निर्गम’ या ग्रंथात इजिप्तच्या राजाने गुलामांचा पेंढा बंद करूनही विटांची संख्या तीच मागितल्याची कथा आहे. तो जुलूम कसला होता हे ज्याने विटा पाडल्या आहेत त्याला चटकन समजते.

साचा म्हणजे तळ नसलेली लाकडी चौकट. ती पाण्यात बुडवून, राख किंवा रेती भुरभुरलेल्या सपाट जमिनीवर ठेवून चिखल कोपऱ्यांत दाबतात, वरून हात फिरवतात आणि चौकट सरळ वर उचलतात. इजिप्तमध्ये लक्सरजवळ रेखमिरे या वजिराचे थडगे आहे. त्यातील साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रात पाणी आणणारे, चिखल करणारे आणि साचा उचलणारे मजूर दिसतात. त्यांच्या हातातला साचा आजच्यासारखाच आहे. दोन-तीन दिवसांनी विटा कडेवर उभ्या करतात, म्हणजे दोन्ही तोंडांना वारा लागतो, आणि मग तीन-चार आठवडे जाळीदार रचून ठेवतात. कडक उन्हात घाई केली तर वरचा पापुद्रा सुकतो, आत ओल राहते आणि वीट तडकते. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने म्हणूनच ऐन उन्हाळा टाळून वसंतात किंवा शरदात विटा पाडायला सांगितले. उटिका शहरात पाच वर्षे वाळलेली आणि अधिकाऱ्याने पसंत केलेली वीटच भिंतीत वापरत, अशी नोंदही त्याने केली आहे. आपल्याकडे पाऊस हेच वेळापत्रक ठरवतो. सुगीनंतर हात मोकळे होतात आणि मृगापूर्वी छप्पर चढलेच पाहिजे.

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत रूढ असलेली वीट सुमारे ३५ सेंमी लांब, २५ सेंमी रुंद, १० सेंमी जाड असते आणि वजनाला १५ किलोच्या आसपास भरते. आतून चार मीटर बाय तीन मीटरची, २.७ मीटर उंचीची एक खोली ३५ सेंमी जाडीच्या भिंतींनी बांधायची तर दारे-खिडक्या वजा जाता साधारण १,१५० विटा लागतात, म्हणजे नुसत्या विटांचीच १७ टन माती. ही माती खणायची, भिजवायची, तुडवायची, उचलायची. कच्च्या विटांचे घर स्वस्त असते ते मजुरी घरची असते तोवर.

भिंत आणि पाणी : या घराला दगडी पाया आणि निदान दीड फूट उंचीचे दगडी जोते हवेच. पाऊस वरून पडतो तेवढाच तो जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्याला उडतो. त्याहून छुपा शत्रू म्हणजे जमिनीतून चढणारी ओल. ती क्षार बरोबर घेऊन येते. पाणी भिंतीच्या तोंडाशी उडून जाते, क्षारांचे स्फटिक तिथेच वाढतात आणि माती आतून भुसभुशीत करतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. जोत्याच्या वर वीतभर उंचीवर भिंत आत खात गेलेली दिसली, की तो पावसाचा मार नसून लोणा आहे हे ओळखावे. वर छपराची वळचण भरपूर बाहेर हवी, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात.

विटा सांधमोड करून, मातीच्याच गाऱ्यात लावतात. सिमेंटचा गारा विटेपेक्षा कडक होतो, आणि मग सांधा टिकतो पण वीट झिजते. सिमेंटच्या गिलाव्याचे तर याहून वाईट. तो तडकतो, भेगेतून पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. न्यू मेक्सिकोतील रांचोस दे ताओस येथील सान फ्रान्सिस्को दे असीस हे चर्च याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दरवर्षीचे लिंपण वाचावे म्हणून १९६७ मध्ये त्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवला. आत ओल कोंडून कच्च्या विटा विरघळू लागल्याचे लक्षात आले, तेव्हा १९७९ मध्ये गिलावा उतरवून गावकऱ्यांनी पुन्हा मातीने लिंपले. तेव्हापासून उन्हाळ्यात गाव जमते आणि चर्च लिंपते. तिकडेही लिंपण हे परंपरेने बायकांचे काम, त्यांना ‘एन्हारादोरा’ म्हणतात. आपल्याकडे सणाआधी भिंतींना पोतेरा देणाऱ्या आणि जमीन सारवणाऱ्या बायकांच्या कौशल्याला असे नावही मिळाले नाही. देखभालीचा हा हात थांबला की कच्च्या विटांचे घर काही पावसाळ्यांतच खचू लागते. अशा घराचे आयुष्य विचारण्यापेक्षा ते लिंपणारे कोणी आहे का, हे विचारावे.

जाड भिंतीमुळे दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते आणि रात्रीचा गारवा दुपारपर्यंत टिकतो. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या कोरड्या प्रदेशात हा गुण पुरेपूर मिळतो. कोकणासारख्या दमट हवेत तितका नाही.

छप्पर : वीट दाबाखाली बरी टिकते, ताणाखाली लगेच हरते. म्हणून छपराला लाकूड लागते. माळवदात खांबांवर तुळया, त्यांवर सरे, त्यांवर लाकडाच्या चिपा किंवा काटक्या, आणि वर चोपलेली पांढरी माती असते. लाकूडच नसेल तर कमान हा उपाय उरतो. हसन फतही (१९००–१९८९) या इजिप्शियन वास्तुकाराला दुसऱ्या महायुद्धात लाकडाची आयात थांबल्यावर आस्वानकडच्या नुबियन गवंड्यांची रीत सापडली. ते मागच्या भिंतीला टेकवून विटांच्या तिरप्या कमानी एकापुढे एक चिकटवत नेतात आणि खाली लाकडी आधार न देता कमानदार छत उभे करतात. या विटा पातळ, जास्त काडाच्या व हलक्या असतात, आणि ओल्या असतानाच त्यांवर बोटांनी चर ओढलेले असतात, म्हणजे गारा घट्ट चिकटतो. फतहीने या रीतीने १९४५ पासून नवे गुर्ना हे गाव उभारले. जुन्या गुर्नाच्या बहुतेक लोकांनी तिथे राहायला जाण्याचे नाकारले. त्याचा दोष विटेवर घालता येत नाही. त्यांना आपले गाव सोडायचे नव्हते.

भूकंप : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. ‘मातीच्या घरांनी माणसे मारली’ हे वाक्य त्यानंतर इतके घट्ट बसले, की मातीकामाचे नावच नको झाले. तिथल्या बहुसंख्य भिंती कच्च्या विटांच्या नव्हत्या. त्या मातीच्या गाऱ्यात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेल्या. डोक्यावर माळवद, दर पावसाळ्याआधी माती घालून जाड होत गेलेले. अर्धा मीटर जाडीच्या मातीचे वजन चौरस मीटरला ८०० किलोच्या घरात जाते. ज्या घरांत हा भार लाकडी खांबांच्या चौकटीवर होता त्यांतली पुष्कळ उभी राहिली.

म्हणून कच्ची वीट भूकंपात सुरक्षित ठरते असे मात्र नाही. २६ डिसेंबर २००३ रोजी इराणमधील बाम शहर उद्ध्वस्त झाले आणि त्याचा प्राचीन किल्ला, कच्च्या मातीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बांधकामांपैकी एक, ढासळला. उलट २००१ च्या भूकंपात कच्छमधील ‘भुंगा’ नावाची गोल घरे, त्यांतली काही कच्च्या विटांची, बऱ्यापैकी तगली. गोल भिंतीला उघडा पडणारा कोपराच नसतो. भारतीय मानक आयएस १३८२७ (१९९३) मातीच्या घरांसाठीच आहे. भिंतीची उंची जाडीच्या आठपटींहून जास्त नको, दार-खिडकीची रुंदी १.२ मीटरपलीकडे नको, आणि घराला बांधून धरणारा सलग पट्टा हवा, असे ते सांगते.

इतिहास : बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इ. स. पू. सातव्या सहस्रकातली कच्च्या विटांची घरे मिळाली आहेत. हडप्पा संस्कृतीत जाडी, रुंदी व लांबी यांचे १:२:४ हे प्रमाण कच्च्या आणि भाजलेल्या दोन्ही विटांना लावत. महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या दायमाबादला उत्तर-हडप्पा थरात कच्च्या विटांनी बांधून काढलेले दफन सापडले. पेरूतील मोचे लोकांच्या सूर्यमंदिरात १० कोटींहून अधिक विटा असल्याचा अंदाज आहे. त्यांवर शंभरावर वेगवेगळ्या खुणा आहेत, बहुधा विटा पाडणाऱ्या गटांच्या. येमेनमधील शिबाम शहरात याच विटांची सात-सात मजली घरे आजही वापरात आहेत.

सिमेंट सुमारे पाच टक्के मिसळून यंत्राने दाबलेली, न भाजलेली वीट तमिळनाडूतील ऑरोव्हिलमुळे भारतात परिचित झाली. ती जास्त मजबूत आणि पाण्याला टिकणारी असते, पण भिजवून पुन्हा साच्यात घालता येत नाही, आणि त्या अर्थाने ती कच्ची राहत नाही.

सोडून दिलेल्या कच्च्या विटांच्या घराचे छप्पर आधी जाते, मग भिंती वरून विरघळत खाली उतरतात आणि खोल्या आतून भरतात. त्याच जागी पुन्हा घर, पुन्हा पडझड, असे शतकानुशतके होऊन पांढरीचे टेकाड तयार होते. तेरला, पैठणला पुरातत्त्वज्ञांना अशाच टेकाडांनी खुणावले, आणि गावकरीही माळवदाला माती हवी म्हणून तीच टेकाडे खणत आले. उत्खननात विटेची माती भोवतालच्या मातीतून वेगळी काढणे फार अवघड असते. खड्ड्याची कड कर्णीने तासून, पाणी शिंपडून थांबतात. ती सुकत असताना गारा आणि वीट वेगवेगळ्या वेगाने रंग बदलतात, आणि थोडा वेळ सांध्यांच्या रेषा दिसतात.