कोठडीतला कामाचा दिवस

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येरवडा, नाशिक आणि धुळे इथली कारागृहे राजकीय कैद्यांनी पुन्हा पुन्हा भरली. कैद्यांना सक्तमजुरी होतीच, पण तिच्याहून जास्त जाच होता तो अनिश्चिततेचा. बाहेर चळवळ टिकली आहे की मोडली, घरी कोण आजारी आहे, शिक्षा संपल्यावर दारातच पुन्हा अटक होणार का, यातले काहीच आत कळत नसे. मन खचू नये म्हणून बहुतेक ठिकाणच्या कैद्यांनी एकच उपाय शोधला: दिवसाचा कार्यक्रम आखायचा आणि तो कसोशीने पाळायचा. मराठीतली काही महत्त्वाची पुस्तके याच दिनक्रमातून जन्मली.

या परंपरेचा पाया मंडालेला घातला गेला. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या वयाला बावन्न वर्षे पूर्ण व्हायला एक दिवस उरला होता. मधुमेह जडलेला, ब्रह्मदेशातला उन्हाळा कडक, राहायला लाकडी कोठडी. आपण जिवंत परतू याची खात्री त्यांना देता आली नसती. तिथे त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला आणि शेकडो ग्रंथ मागवून वाचले. लिहायला सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून बांधलेल्या वह्या मिळत, आणि शाईऐवजी शिसपेन्सिल. अशा वह्यांत १९१०-११च्या हिवाळ्यात, पाचेक महिन्यांत, ‘गीतारहस्य’ लिहून झाले. पुढे जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या आणि ती बातमी त्यांना कोठडीतच ऐकावी लागली. कामाने दुःख टळत नाही. दुःखातही उभे राहायला जागा मिळते, एवढे मात्र मंडालेच्या त्या वर्षांवरून म्हणता येते. १९१४च्या जूनमध्ये टिळक सुटले, तेव्हा वह्या सरकारच्याच ताब्यात राहिल्या होत्या. त्या परत मिळाल्यावर १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला.

टिळकांची कोठडी एकट्याची होती. सविनय कायदेभंगाच्या काळात शेकड्यांनी माणसे एकत्र कोंडली गेली, तेव्हा प्रश्न वेगळा झाला. रिकामी बसलेली माणसे कुरकुरतात, भांडतात, अफवांवर जगतात. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे आले आणि त्यांनी या प्रश्नाला श्रमापासून हात घातला. दळण ही तुरुंगातली शिक्षेची मजुरी होती. विनोबा स्वतः जात्यावर बसले आणि राजकीय कैद्यांनी हे काम आपले म्हणून करावे, असा आग्रह त्यांनी धरला. जे काम अपमान म्हणून दिले होते, ते कैद्यांनी आपखुशीने उचलले की त्यातला डंख जातो, ही त्यांची दृष्टी होती. आठवड्याला कळस चढे तो रविवारी. २१ फेब्रुवारी १९३२च्या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन दिले आणि १९ जूनच्या रविवारी अठराव्यावर. अठरा रविवार, अठरा अध्याय, मध्ये एकही खाडा नाही. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते, साने गुरुजी होते. गुरुजींनी बोलणे भरभर लिहून घेतले, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज हाती आहे; नाहीतर ते शब्द धुळ्याच्या भिंतींतच विरले असते. विनोबांच्या ‘गीताई’ची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी, ते आत असतानाच, धुळ्यात निघाली.

साने गुरुजींचा स्वभाव विनोबांसारखा घट्ट नव्हता. ते हळवे होते, चटकन उदास होत, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण जास्त बोलके आहे. १९३० साली त्यांना धुळ्याहून त्रिचनापल्लीच्या तुरुंगात हलवले, तेव्हा भोवती दक्षिणेतल्या भाषांचे कैदी होते. परकेपणात कुढत बसण्याऐवजी ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरळ’ या तमिळ ग्रंथाकडे वळले. भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे या आंतरभारतीच्या कल्पनेचे बीज तिथेच पडले. पुढे नाशिकच्या तुरुंगात दिवसाचे काम आटोपून ते रात्री सोबत्यांना आईच्या आठवणी सांगत. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, त्या लिहायला घेतल्या आणि सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे, लेखन संपले. ‘श्यामची आई’ अशी पाच दिवसांत उतरली. पुस्तकातली प्रकरणे ‘रात्र’ म्हणून मोजली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

त्याच नाशिकच्या तुरुंगात त्या सुमारास जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता आणि ना. ग. गोरे ही तरुण मंडळी वाचन आणि वादविवाद करत होती. १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची आखणी त्या चर्चांतून झाली.

हा सगळा इतिहास मुख्यतः कागद-पेन्सिल मिळालेल्या माणसांचा आहे. वरच्या वर्गाच्या कैद्यांना पुस्तके आणि लेखनाची सवलत मिळे. ‘क’ वर्गातल्या शेतकरी-कामगार सत्याग्रहींच्या वाट्याला दळण, दोरवळण आणि खडी फोडणे येई. ते कसे तगले याची नोंद फार थोडी उरली आहे, आणि ही उणीव मोठी आहे. अंदमानात तर कागदच नव्हता. तेलाचा कोलू ओढणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांनी कविता भिंतींवर कोरल्या आणि पाठ करून जपल्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात आणले गेले. इथे खटला नव्हता, म्हणून शिक्षेची मुदतही नव्हती. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रही मिळाले नाही. जवाहरलाल नेहरू फुलझाडांच्या मागे लागले आणि १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. आचार्य नरेंद्र देव बौद्ध ग्रंथ ‘अभिधर्मकोशा’त बुडाले. मौलाना आझाद पहाटे उठून, स्वतः चहा करून, मित्राला उर्दूत पत्रे लिहीत. ती टपालात पडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. शेवटची भेट झाली नाही. पत्रलेखन मात्र चालू राहिले आणि त्यातून ‘गुबार-ए-खातिर’ झाले.

स्वातंत्र्यानंतर हा दिनक्रम पुन्हा लागला तो २५ जून १९७५ नंतर, आणीबाणीत. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखालच्या स्थानबद्धाला अटकेचे कारणही सांगावे लागत नसे. येरवड्यात समाजवादी आणि संघाचे कार्यकर्ते एकाच आवारात आले. अभ्यासवर्ग, वाचन आणि चर्चा यांत दिवस जाऊ लागले. कुमार सप्तर्षींनी त्या काळावरच्या पुस्तकाला ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’ असे नाव दिले. प्रमिला दंडवते येरवड्यात आणि मधू दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात होते. दोघांनी एकमेकांना सातत्याने पत्रे लिहिली. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. तुरुंगवास भोगलेल्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर त्याच महिन्यातल्या निवडणुकीत मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले.